शास्त्रज्ञबाईंनी सुचवलेली पुस्तकं

माझ्या निरोप समारंभात एका वक्त्यानं मोठ्या प्रेमानं सांगितलं, "गायकवाड मॅडमनी अख्खं आयुष्य पुस्तकांच्या सहवासात काढलं." टाळ्या झाल्या. शेजारच्या खुर्चीवर डॉक्टर नसीमबाई बसल्या होत्या. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "पुस्तकांच्या कसलं, त्यांना खाणाऱ्या कसरीच्या सहवासात काढलं म्हणा." त्या हसल्या नाहीत. "दोन्हींच्या," म्हणाल्या. "ते वेगळे राहत नाहीत." सत्काराच्या हारासकट मला दुरुस्त करणारी ही एकटीच बाई. त्यांची गोष्ट मला सांगायची आहे, पण त्याआधी माझ्या कामाबद्दल थोडं बोलते.

आमचं वाचनालय औरंगपुऱ्यात. खाली दुकानं, वर आम्ही. बाहेरच्याला वाटतं, ग्रंथपालाचं काम म्हणजे पंख्याखाली बसून वाचत राहायचं. एक दिवस देवघेवीच्या खिडकीत बसून बघावं म्हणते मी! "मागच्या वेळी नेलं होतं ना, निळ्या कव्हरचं, त्याच्यासारखं द्या." आता निळी कव्हरं काय एक आहेत का? "झोपून वाचायला हलकं द्या, मागचं नाकावर पडलं." सिडकोतून एक काकू यायच्या. त्या पुस्तक घेण्याआधी विचारायच्या, "शेवट गोड आहे ना? बघून सांगा, मगच नेते." मी शेवटची पानं चाळून सांगायचे. काय करता! आणि एखाद्या गल्लीत नळाला पाणी यायचा दिवस असला की त्या गल्लीतला एकही माणूस फिरकायचा नाही. तो दिवस मला खिडकीजवळची पुस्तकं पुसायला मिळायचा.

सगळ्यात अवघड माणूस कोण, तर जो नुसता म्हणतो, "काहीतरी चांगलं द्या." पुस्तक सुचवणं हे दुसऱ्याच्या घरी न विचारता भाजीचा डबा पाठवण्यासारखं आहे. आवडली तर कुणी सांगत नाही. खारट झाली तर वर्षभर ऐकावं लागतं. इतकी वर्षं खिडकीत बसून मला माणसांची नस सापडली, असं मी काही म्हणणार नाही. अंदाजानं द्यायचे. कधी लागायचं, कधी नाही.

वाचनालयाला एक मागची खोली होती. पुढच्या हॉलमध्ये फिरती पुस्तकं, म्हणजे लोक रोज मागतात ती. मागच्या खोलीत माझी. माझी म्हणजे मी हट्टानं घेतलेली. दरवर्षी खरेदीच्या वेळी कार्यकारी मंडळाशी माझं वाजायचं. मंडळाला पाहिजे खपणारं. मला पाहिजे एखादी कुणाला माहीत नसलेली कादंबरी, पक्ष्यांवरचं, ताऱ्यांवरचं, मातीवरचं पुस्तक आणि लहान पोरांसाठी चांगल्या चित्रांची गोष्ट. "हे कोण वाचणार हो मॅडम?" असं कुणीतरी विचारायचंच. मी म्हणायचे, "येईल कुणीतरी." आमच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली पुस्तकांची एक फळी होती आणि तिच्यावर धूळ दिसली की माझे वडील जेवायला बसायचे नाहीत. त्यामुळे पुस्तक घेताना माझा हात कधी आखडला नाही. पण येणारं ते कुणीतरी फारसं आलं नाही, हेही खरं. कपाटं भरत गेली आणि मी किल्ल्या सांभाळत राहिले.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या पावसाळ्यात मी मागचं एक कपाट उघडलं आणि फळीवर बारीक पिवळट भुसा दिसला. एक कादंबरी उचलली तर पुठ्ठा हातात आला आणि पानं खाली. आतून दोन-चार चंदेरी कसरी सरसर पळाल्या. पुढचं कपाट उघडलं, तिथंही तेच. भिंतीला ओल धरली होती आणि ती मला दिसली नव्हती, कारण कपाटं भिंतीला चिकटून उभी होती.

आमचे अध्यक्ष वकील. माणूस वाईट नाही, पण निकाल लावायची घाई फार. त्यांनी दारात उभं राहून, नाकाला रुमाल लावून खोली बघितली. "मॅडम, ही कसर पुढच्या हॉलमध्ये आली तर जबाबदार कोण? दिवाळीपर्यंत बघू. नाही थांबली तर सगळं रद्दीत काढायचं. खोली रंगवून अभ्यासिका करू. स्पर्धा परीक्षेची पोरं जागेसाठी रांगा लावतात."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. पोरांना जागा पाहिजे हे मला दिसत होतं. पण ती खोली म्हणजे माझी सगळी नोकरी होती. ती रद्दीच्या टेम्पोत चढताना बघून मी घरी जायचं आणि पेन्शन खात बसायचं? मला ते सहन होणार नव्हतं.

मी डॉक्टर नसीमबाईंकडे गेले. त्या आमच्या सभासद. कृषी संशोधनात होत्या, कीटकशास्त्रज्ञ. सगळी उमर कापसाच्या बोंडअळीमागं गेलेली. टीव्ही सेंटरकडं एकट्याच राहायच्या. बोलणं तुटक, चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. खरी माशी बसली असती तर त्यांनी तिची जात सांगितली असती. मी म्हटलं, "मॅडम, औषध सांगा." त्या म्हणाल्या, "पहले देखने तो दो."

त्या भिंग घेऊन आल्या आणि पूर्ण दुपार मागच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसल्या. एकेक पुस्तक उघडायच्या, शिवणीत बघायच्या, वास घ्यायच्या. शेवटी हात झटकून म्हणाल्या, "कपाटं भिंतीपासून सरकवा. ओलीचा बंदोबस्त करा. पुस्तकं मी साफ करते. पण एवढ्यानं होणार नाही, सुनंदाबाई. ते परत येतील."

"मग जालीम काहीतरी सांगा ना."

"जालीम एकच आहे. वाचक."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्या थट्टा करणाऱ्यातल्या नव्हत्या. "हे बघा, कसरीला अंधार पाहिजे, ओल पाहिजे आणि निवांतपणा पाहिजे. पुस्तक सारखं कुणी उघडलं, झटकलं, उजेडात नेलं, तर ती म्हणते, नक्को बाबा, इथं झोपू देत नाहीत. तुमच्या पुढच्या हॉलमध्ये बघितलं मी. फाटलेली, चहा सांडलेली, कोपरे दुमडलेली पुस्तकं. पण कसर नाही. इथली कोरी करकरीत. आणि आतून खल्लास."

"म्हणजे ही सगळी..."

"हौ. ही कुणी उघडलीच नाहीत. किडा खोटं बोलत नाही."

मी तिथंच कपाटाला टेकून खाली बसले. मंडळातला कुणी हे बोलला असता तर मी दोन शब्द सुनावले असते. हिला काय सुनावणार? भिंगातून दिसलं ते तिनं सांगितलं होतं. त्या दिवशी मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून नसीमबाई दर मंगळवारी यायला लागल्या. जास्त कसर लागलेली पुस्तकं आधी वेगळी काढायच्या, प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून ठेवायच्या, मग ब्रशनं शिवण न् शिवण झाडायच्या, उन्हाची तिरीप येते तिथं उभी करायच्या. पूर्ण स्वच्छ झाल्याशिवाय एकही पुस्तक बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. मग ती पुस्तकं पुढच्या हॉलमधल्या टेबलावर मांडायची, म्हणजे लोक नेतील. पण लोक काही नेईनात. हात लावायचे आणि ठेवून द्यायचे. तेव्हा मी एका पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'शास्त्रज्ञांनी सुचवलेली पुस्तकं'. खाली नसीमबाईंचं नाव, डॉक्टरसकट. यात खोटं काय होतं सांगा. शास्त्रज्ञ होत्या, आणि पुस्तकं त्यांनीच सुचवलेली होती. कशावरून सुचवली ते मी लिहिलं नाही, एवढंच. आणि नसीमबाईंनी ती पाटी बघितली, पण त्यांना विचारलं नव्हतं म्हणून त्या काही बोलल्या नाहीत.

झालं! आपल्याकडं डॉक्टर म्हटलं की माणूस गोळीसुद्धा न विचारता गिळतो. टेबलाभोवती माणसं जमायला लागली. कादंबरी, विज्ञान, बालसाहित्य असं सगळं एकत्र मांडलेलं बघून लोक मान डोलवायचे. "बाईंचं वाचन किती चौफेर आहे बघा!" एक शिक्षक मला समजावून सांगायला लागले, की या निवडीमागं एक सूत्र आहे, आधी पक्षी, मग माती, मग बालकथा, म्हणजे जीवनाचा विचार आकाशाकडून मुळाकडं येतो. मी "हो का?" म्हटलं. सूत्र हे होतं, की ती तिन्ही पुस्तकं एकाच ओल्या फळीवर होती.

आणि मग आले कचरूकाका. कचरू भालेराव, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, बरीच वर्षं वेरूळच्या लाइनवर काढलेली. बायको गेल्यापासून पेपर वाचायला आमच्याकडं यायचे. पुस्तकाच्या वाटेला कधी गेले नव्हते. टेबलावरून त्यांनी एक पातळसं मुलांचं पुस्तक उचललं. त्यात एक कासव असतं. त्याला बाजाराला जायचं असतं, पण ते थांब्यावर पोचेपर्यंत बस निघून जाते. शेवटी एक कंडक्टर दोरी ओढून घंटी देतच नाही, कासव चढेपर्यंत गाडी उभी ठेवतो. एवढीच गोष्ट.

दुसऱ्या दिवशी काका उघडायच्या आधी पायरीवर बसलेले. "मॅडम, त्या डॉक्टरबाईला कोण बोल्लं?"

"काय बोललं?"

"मी कंडक्टर व्हतो म्हून. हे पुस्तक मह्यासाठीच ठिवलंय तिनं. अवो, एक म्हातारी यायची दौलताबादच्या थांब्यावर. लई हळू चालायची. मी थांबायचो. डायवर शिव्या घालायचा, पण मी घंटी देत नव्हतो. हे कुणालाच ठाऊक नाय, मही बायको सोडून."

त्यांचे डोळे भरून आले होते. "वाचा, अजून वाचा," एवढंच म्हटलं. त्यानंतर काका दर मंगळवारी यायचे, टेबलावरचं एक पुस्तक न्यायचे आणि त्यात स्वतःला कुठंतरी शोधून काढायचे. ताऱ्यांच्या पुस्तकातसुद्धा त्यांना पहाटेची पहिली गाडी सापडली. नसीमबाईंना लांबून नमस्कार करायचे. त्याही मान हलवायच्या. बोलणं कधी झालं नाही. बाई कामात असायच्या आणि काका भिडस्त.

दिवाळी जवळ आली. मागच्या खोलीतली कपाटं निम्म्याहून जास्त साफ झाली होती. कसर पुढं सरकली नव्हती. मी मनात म्हटलं, आता सुटले बाई! त्याच सुमारास वार्षिक सर्वसाधारण सभा आली. हॉल भरलेला. वकीलसाहेबांनी नसीमबाईंना शाल आणि नारळ दिला, आणि वकिलाची सवय, एक प्रश्न विचारलाच. "डॉक्टर, आमच्या वाचकांना उत्सुकता आहे. इतकी नेमकी पुस्तकं तुम्ही निवडता तरी कशी?"

मी त्यांच्याकडं बघून मान हलवली, नका, नका म्हणून. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

"कसर बघून," त्या म्हणाल्या.

लोक हसले. त्यांना वाटलं विनोद आहे. मग नसीमबाईंनी शांतपणे सगळं सांगितलं. ओल, अंधार, न उघडलेली पानं. कोणतं पुस्तक चांगलं आणि कोणतं वाईट हे मला माहीत नाही, म्हणाल्या. जास्तीत जास्त किडा ज्यात, ते आधी. ते सूत्र सांगणारे शिक्षक चपला शोधायला लागले.

मागून कचरूकाका उभे राहिले. "म्हंजी ते कासवाचं पुस्तक?"

"त्याच्या पुठ्ठ्यात होती. बरीच."

"मी कंडक्टर व्हतो हे तुमाला ठाऊक नव्हतं?"

"नाही. आत्ता कळलं."

काका "बरं, बरं," म्हणत खाली बसले आणि सभा संपायच्या आधीच उठून गेले. त्यांची पाठ मला अजून दिसते.

सभा संपल्यावर मी नसीमबाईंवर तुटून पडले. "जरा गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? त्या म्हाताऱ्या माणसाला एवढंच एक सुख होतं! आणि माझी खोली? आता कोण हात लावणार त्या पुस्तकांना?"

त्यांनी शाल नीट घडी करून पिशवीत ठेवली. "त्यांनी विचारलं, सुनंदाबाई. आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. विचारल्यावर सांगावं लागतं. नाहीतर मी इतकी वर्षं अळ्या काय मोजत बसले?" पण जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता. एरवी धरत नसत.

पुढं व्हायचं तेच झालं. टेबलाजवळ कुणी येईना. लोक लांबून जायचे, जसं काही कसर उडी मारून खिशात शिरणार आहे. सिडकोच्या काकूंनी तर स्पष्ट सांगितलं, "किड्याचं उष्टं नको बाई." मंगळवारी नसीमबाई आल्या, पुस्तकं झाडली, मांडली, गेल्या. पुढच्या मंगळवारी ती पुस्तकं तशीच होती. वकीलसाहेबांचा फोन आला. कुणी उघडणार नसेल तर कसर परत येणारच, दिवाळी झाली की रद्दीवाला येऊन खोली बघून जाईल, म्हणाले. मी बरं म्हटलं. भांडायचं तर कशाच्या जोरावर भांडणार? कचरूकाका पेपर वाचायलाही येत नव्हते.

भाऊबीज होऊन गेल्यावर एका सकाळी ते आले. हातात कापडी पिशवी. खिडकीशी उभे राहिले, घसा खाकरला. "मॅडम, सगळ्यात जास्त कसर कोनत्या पुस्तकाला हाय?"

"का हो काका?"

"तेच द्या."

मला वाटलं, रागानं बोलतायत. मागच्या खोलीतून मी एक जाडजूड पुस्तक आणलं, मातीच्या रसायनांवरचं, आकडे आणि सूत्रांनी भरलेलं. नसीमबाईंनी नुकतंच साफ केलेलं. म्हटलं, "काका, हे तुम्हाला कळायचं नाही. मलाच कळत नाही."

"नाय कळंना," म्हणाले, आणि टेबलाशी जाऊन बसले. पहिल्या पानापासून सुरुवात केली. एक पान उलटायचं, तळहातानं सपाट करायचं, जरा बघायचं, पुढचं. अंगठा जिभेला लावून पान उलटत होते. दुसरा कुणी असता तर मी तिथल्या तिथं टोकलं असतं.

मंगळवार होता. थोड्या वेळानं नसीमबाई जिना चढून आल्या आणि त्यांना बघून दारातच थबकल्या. मग समोरच्या खुर्चीशी जाऊन उभ्या राहिल्या. "काका, समझमें आता है काही?"

"एक अक्षर नाय."

"मग?"

काकांनी पानावरचा हात उचलला नाही. "बाई, आमच्या लाइनला कवा कवा गाडीत एक माणूस नसायचा. वेरूळपासून इथवर मी आन डायवर. तरी गाडी न्यायाचीच. टायमावर. का, तर रिकामी हाय म्हून गाडी ठिवली, तर वरचे लोक लाइनच बंद करत्यात. मंग ज्या दिवशी कुणाला खरंच जायचं आसंल, त्या दिवशी तो थांब्यावर उभा राहतो आन गाडीच येत नाय." मग म्हणाले, "तुमी मह्यासाठी निवडलं नव्हतं, त्याचं मला लई वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. पन ते पुस्तक मला घावलं का नाय? कुनीतरी तवर ते जपलं म्हून घावलं. आता म्या जपतो."

नसीमबाई खुर्ची ओढून काकांच्या समोर बसल्या, टेबलावरची एक कादंबरी घेतली आणि पानं उलटायला लागल्या. मी खिडकी बंद करून, किल्ली कमरेला लावून, तिसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले. आमच्याकडं बघून पेपर वाचणारे दोघं उठून आले. परीक्षेचा अभ्यास करणारी एक पोरगी आली. "आज डोकं चालत नाही मॅडम, एखादं मलाही द्या," म्हणाली. तिला पक्ष्यांचं दिलं.

बाराच्या सुमारास वकीलसाहेब रद्दीवाल्याला घेऊन वर आले. टेबलाभोवती सगळ्या खुर्च्या भरलेल्या. कुणी मान वर केली नाही. हॉलमध्ये पानांचा आवाज तेवढा येत होता. रद्दीवाल्यानं मागच्या खोलीत डोकावून अंदाज घेतला, बाहेर आला, आणि हळूच विचारलं, "वकीलसाब, माल कब उठाने का?"

वकीलसाहेब कचरूकाकांच्या मागं उभे होते. त्यांच्या खांद्यावरून मातीच्या रसायनांचं ते पान बघत होते. काकांनी अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं.

"नाही उठवायचा," वकीलसाहेब म्हणाले, आणि बसायला खुर्ची शोधू लागले.